रिमोटची कळ दाबल्यापासून चित्र उमटेपर्यंत : डिजिटल प्रसारणातील प्रतीक्षा कशी कमी करावी

डिजिटल दूरचित्रवाणीवर चॅनेल बदलले की पडदा काळा होतो आणि नवे चित्र उमटायला दोन-तीन सेकंद, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. ॲनालॉग प्रसारणात ही प्रतीक्षा जवळजवळ नव्हती. ट्यूनर नव्या वारंवारतेवर स्थिरावला की लगेच येणाऱ्या फ्रेमपासून चित्र दाखवता येत असे, कारण प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण होती. डिजिटल प्रसारणात चित्रांचे संकोचन होते, अनेक चॅनेल एकाच प्रवाहात गुंफले जातात आणि सशुल्क चॅनेलांना कुलूप लावले जाते. या तिन्हींची किंमत प्रेक्षक दर वेळी कळ दाबताना मोजत असतो.

ही किंमत शून्यावर आणता येत नाही, पण बरीच खाली आणता येते. त्यासाठी काय करावे हे पुढे क्रमाने मांडले आहे. लेख लिहिताना दोन प्रकारचे वाचक डोळ्यांसमोर आहेत : प्रसारण केंद्रात एन्कोडर (चित्रांचे संकोचन करणारे यंत्र) आणि मल्टिप्लेक्सर (अनेक चॅनेल एका प्रवाहात गुंफणारे यंत्र) सांभाळणारे अभियंते, आणि सेट-टॉप बॉक्सचे सॉफ्टवेअर लिहिणारे विकासक. प्रतीक्षेची तक्रार आली की दोन्ही बाजू एकमेकींकडे बोट दाखवतात. प्रत्यक्षात काही उपाय केवळ प्रसारकाच्या हातात असतात, काही केवळ बॉक्सच्या, आणि सर्वांत गुणकारी उपाय दोघांनी मिळून ठरवल्याशिवाय साधतच नाहीत.

आधी व्याख्या पक्की करावी

प्रतीक्षा म्हणजे कळ दाबल्यापासून नव्या चॅनेलचे पहिले शुद्ध चित्र पडद्यावर येईपर्यंतचा काळ. मैदानावर घडलेली घटना प्रेक्षकापर्यंत किती उशिरा पोहोचते, हा निराळा प्रश्न आहे. त्याला विलंब म्हणावे. एखादे प्रसारण वीस सेकंद मागे असूनही त्यातले चॅनेल क्षणात बदलू शकते, आणि विलंब अगदी कमी असलेल्या प्रसारणात चॅनेल बदलायला चार सेकंद लागू शकतात. विलंब घटवण्यासाठी आय-फ्रेम, म्हणजे इतर फ्रेमांच्या आधाराशिवाय उलगडणारी फ्रेम, काढून टाकून चित्र थोडे थोडे करून ताजे करण्याची पद्धत काही एन्कोडरांत असते. त्या पद्धतीत नव्याने आलेल्या प्रेक्षकाला ताजेपणाचे एक पूर्ण आवर्तन संपेपर्यंत शुद्ध चित्र मिळत नाही, म्हणजे विलंब घटतो आणि प्रतीक्षा वाढते. म्हणून आपण यांपैकी काय कमी करत आहोत हे कामाच्या पहिल्या दिवशीच लिहून ठेवावे.

मोजमाप

मोजमापाशिवाय केलेली प्रत्येक सुधारणा अंदाजावर उभी असते. सर्वांत स्वस्त आणि विश्वासार्ह साधन म्हणजे सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा फोनचा कॅमेरा. रिमोट आणि पडदा एकाच चौकटीत दिसतील असा तो ठेवावा. बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यांना रिमोटचा अवरक्त दिवा चमकताना दिसतो. तो चमकला ती फ्रेम आणि नवे चित्र आले ती फ्रेम, या दोहोंमधल्या फ्रेम मोजल्या की सुमारे ४ मिलिसेकंदांच्या अचूकतेने प्रतीक्षा कळते.

एकदा मोजून भागत नाही. कळ नेमक्या कोणत्या क्षणी दाबली गेली यावर निकाल बराच अवलंबून असतो, म्हणून प्रत्येक प्रकारच्या बदलाची किमान तीस-चाळीस मापे घ्यावीत आणि हे प्रकार एकमेकांत मिसळू देऊ नयेत. एकाच मल्टिप्लेक्समधील (म्हणजे एकत्र गुंफलेल्या एकाच प्रवाहातील) चॅनेल, वेगवेगळ्या मल्टिप्लेक्समधील चॅनेल, मोफत व सशुल्क, एसडीवरून एचडीवर जाणे, या सर्वांची वर्तणूक निरनिराळी असते. सरासरीच्या जोडीला शंभरांतली पंचाण्णव मापे ज्या मर्यादेच्या आत येतात तो आकडाही काढावा, कारण प्रेक्षकाच्या लक्षात राहतो तो वाईट अनुभव.

कॅमेरा फक्त एकूण काळ सांगतो. तो कुठे गेला हे कळण्यासाठी बॉक्सच्या नोंदवहीत टप्प्याटप्प्याची वेळ उतरली पाहिजे : कळ मिळाली, ट्यूनर स्थिरावला, पीएटी (प्रवाहातील चॅनेलांची यादी) आली, पीएमटी (एका चॅनेलच्या घटकांचा तक्ता) आली, कुलूप उघडण्याची किल्ली मिळाली, पहिली आय-फ्रेम आली, पहिले चित्र बाहेर पडले. या सात नोंदी नसतील तर इतर काहीही करण्यापूर्वी त्या घालाव्यात.

प्रसारणाशी संबंध नसलेला वेळ आधी काढावा

नोंदवही वाचायला लागल्यावर पुष्कळदा असे आढळते की सर्वांत मोठ्या दोन प्रतीक्षांचा प्रसारणाशी काहीच संबंध नसतो.

पहिली अंक दाबण्याची. प्रेक्षकाने ५ दाबले तर त्याला ५ हवे आहे की ५१२, हे कळण्यासाठी बॉक्स पुढच्या अंकाची वाट पाहतो, आणि ही वाट अनेकदा दोन-तीन सेकंदांची ठेवलेली असते. ती एका सेकंदाच्या आसपास आणावी, ‘ओके’ दाबताच थांबणे संपवावे, आणि दाबलेल्या अंकांपुढे आणखी अंक जोडून कोणताही चॅनेल बनत नसेल तर तत्क्षणी बदल सुरू करावा. याहून पुढे जायचे असेल तर बॉक्सने ५ दाबताच पाचव्या चॅनेलची पार्श्वभूमीवर तयारी सुरू करावी. दुसरा अंक आला तर ती सोडून द्यावी.

दुसरी प्रतीक्षा एचडीएमआयची. एसडी चॅनेलवरून एचडीवर जाताना बॉक्सने बाहेर जाणाऱ्या चित्राचे रिझोल्यूशन बदलले, तर टीव्हीला नव्या संकेताशी पुन्हा जुळवून घ्यावे लागते आणि एचडीसीपी या नक्कलरोधक व्यवस्थेची ओळखपरेडही पुन्हा होते. त्यात पडदा एक सेकंद किंवा त्याहून जास्त काळ काळा राहू शकतो. बॉक्सचे बाह्य रिझोल्यूशन आणि फ्रेमचा वेग कायम ठेवून लहान-मोठे करण्याचे काम बॉक्समध्येच केले, तर हा वेळ पूर्णपणे वाचतो. टीव्हीतला स्केलर बॉक्समधल्यापेक्षा सरस असतो म्हणून मूळ रिझोल्यूशन पुढे पाठवावे, असा आग्रह काही दर्दी प्रेक्षक धरतात. त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये पर्याय ठेवावा, पण तो मूळ निवड म्हणून ठेवू नये.

ट्यूनर

नवा चॅनेल त्याच मल्टिप्लेक्सवर असेल तर ट्यूनरला हात लावण्याचे कारणच नाही. तरीही ‘जुने सर्व बंद करा, नवे सर्व सुरू करा’ अशा सरधोपट रचनेमुळे काही बॉक्स पुन्हा ट्यून करतात. हे आधी तपासावे. मल्टिप्लेक्स बदलत असेल तर वारंवारता, सिम्बॉल रेट (संकेतचिन्हांचा वेग), मॉड्युलेशन (माहिती लहरीवर चढवण्याची पद्धत) यांची शेवटची यशस्वी मूल्ये साठवून ठेवावीत आणि ट्यूनरला तीच द्यावीत, म्हणजे त्याला ती स्वतः शोधत बसावे लागत नाही. उपग्रह प्रसारणात एलएनबीचा (डिशवरच्या ग्राहक उपकरणाचा) विद्युतदाब १३ आणि १८ व्होल्टच्या दरम्यान बदलणे, २२ किलोहर्ट्झचा स्वर चालू-बंद करणे, डिसेकची (कोणती डिश वा एलएनबी हवी ते सांगणारी) आज्ञा पाठवणे, या प्रत्येकानंतर स्थिरावण्यासाठी थोडे थांबावे लागते. ज्या बदलात यांपैकी जे बदलत नाही, त्यासाठीचे थांबणे वगळावे. डीव्हीबी-टी२ या जमिनीवरील प्रसारणाच्या मानकात प्रक्षेपणाची एक फ्रेम (चित्राची फ्रेम नव्हे) २५० मिलिसेकंदांपर्यंत लांब असू शकते आणि बॉक्सला फ्रेमच्या आरंभापासूनच माहिती वाचता येते, त्यामुळे फ्रेमची लांबी आणि कालिक इंटरलीव्हिंगची (माहिती वेळेत विखुरून पाठवण्याची) खोली ठरवताना प्रसारकाने प्रतीक्षेचाही हिशेब धरला पाहिजे.

प्रसारकाच्या हातात आणखी एक साधा उपाय आहे. प्रेक्षक ज्या चॅनेलांमध्ये सतत ये-जा करतात, उदाहरणार्थ वृत्तवाहिन्या किंवा एकाच वेळी चालू असलेले सामने, ते शक्यतो एकाच मल्टिप्लेक्सवर ठेवावेत.

तक्ते

प्रवाहात कोणते चॅनेल आहेत हे पीएटी सांगते आणि एका चॅनेलचे चित्र, ध्वनी व किल्ल्यांचे संदेश कोणत्या पीआयडीवर (पॅकेटांच्या ओळख-क्रमांकावर) आहेत हे पीएमटी सांगते. ईटीएसआय या युरोपीय मानक संस्थेच्या टीआर १०१ २९० या मोजमापविषयक दस्तऐवजानुसार यांपैकी कोणताही तक्ता ५०० मिलिसेकंदांत एकदाही आला नाही तर ती त्रुटी ठरते. ५०० ही मर्यादा आहे, आदर्श नव्हे, आणि येथेच बरेच जण थांबतात. दोन्ही तक्ते ५०० मिलिसेकंदांनी येत असतील तर बॉक्सला सरासरीने २५० अधिक २५०, म्हणजे अर्धा सेकंद, आणि वाईटात वाईट पूर्ण सेकंद थांबावे लागते. दोन्ही १०० मिलिसेकंदांवर आणले की हीच सरासरी १०० वर येते.

याची किंमत किती ते पाहावे. एक टीएस (ट्रान्सपोर्ट स्ट्रीम) पॅकेट १८८ बाइटचे, म्हणजे १,५०४ बिटचे असते. एक पॅकेट सेकंदाला दहा वेळा पाठवायला सुमारे १५ किलोबिट लागतात. बारा चॅनेलांच्या मल्टिप्लेक्समध्ये एक पीएटी आणि बारा पीएमटी मिळून हा खर्च २०० किलोबिटांच्या आत राहतो. ४० मेगाबिटच्या प्रवाहात तो अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. इतक्या स्वस्तात इतका लाभ देणारा दुसरा उपाय या साखळीत नाही.

बॉक्सने तर तक्त्यांची वाटच पाहू नये. मागच्या भेटीतली पीएमटी साठवून ठेवावी, तिच्यातल्या पीआयडीवर काम सुरू करावे आणि खरी पीएमटी आली की आवृत्ती क्रमांक ताडून पाहावा. तो जुळला तर काहीच करायचे नाही. जुळला नाही तर नव्या माहितीने पुन्हा सुरुवात करायची.

आय-फ्रेम : सर्वांत मोठा वाटा

संकोचित चित्रप्रवाहात बहुतेक फ्रेम आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेमच्या आधाराने बांधलेल्या असतात. स्वतःच्या बळावर उलगडता येते ती फक्त आय-फ्रेम, आणि दोन आय-फ्रेमांमधील अंतर, म्हणजेच जीओपीची लांबी, प्रतीक्षेचा मोठा हिस्सा ठरवते. अंतर दोन सेकंदांचे असेल तर सरासरी एक सेकंद आणि कमाल दोन सेकंद निव्वळ वाट पाहण्यात जातात. एमपीईजी-२ या जुन्या संकोचन पद्धतीच्या काळात अर्ध्या सेकंदाच्या आसपासची जीओपी सर्रास वापरली जात असे, एच.२६४ आणि एचईव्हीसी या नव्या पद्धती आल्यावर बिट वाचवण्यासाठी ती लांबत गेली, आणि कोडेक (संकोचन पद्धत) अधिक कार्यक्षम होऊनही चॅनेल बदलणे अधिक संथ झाले.

मग जीओपी किती ठेवावी? एक ढोबळ गणित मांडून पाहावे. आय-फ्रेम इतर फ्रेमांच्या सरासरीच्या सहापट मोठी आहे आणि सेकंदाला २५ फ्रेम आहेत असे धरू. दोन सेकंदांच्या जीओपीत ५० फ्रेमांना ५५ एकके लागतात, म्हणजे प्रतिफ्रेम १.१. एका सेकंदाच्या जीओपीत २५ फ्रेमांना ३० एकके, म्हणजे १.२. अर्ध्या सेकंदाच्या, बारा फ्रेमांच्या जीओपीत १७ एकके, म्हणजे सुमारे १.४२. दोनवरून एकवर येताना खर्च नऊ टक्क्यांनी वाढतो आणि सरासरी अर्धा सेकंद वाचतो. एकवरून अर्ध्यावर येताना खर्च आणखी अठरा टक्क्यांनी वाढतो आणि वाचतो पाव सेकंद. आपल्या प्रत्यक्ष चित्रांतले प्रमाण मोजून हेच गणित पुन्हा करावे. माझ्या मते बहुतेक चॅनेलांसाठी एका सेकंदाच्या आसपासची जीओपी हा योग्य सौदा आहे. त्याखाली जाण्याऐवजी पुढचे उपाय आधी करावेत.

त्यांतला पहिला प्रसारकाचा आहे. प्रत्येक प्रवेशबिंदूवर पॅकेटच्या ॲडॉप्टेशन फील्डमध्ये (शीर्षकाला जोडलेल्या जादा माहितीत) ‘इथून उलगडायला सुरुवात करता येते’ असे सांगणारी रँडम ॲक्सेसची खूण लावावी आणि डीकोडरला लागणारे एसपीएस व पीपीएस हे मापदंडांचे संच प्रत्येक वेळी तिथेच पाठवावेत. ही खूण लावायला एन्कोडरला काहीच कष्ट नसतात, तरी ती अनेक प्रवाहांत आढळत नाही.

दुसरा बॉक्सचा आहे आणि पहिल्यावर आधारलेला आहे. सशुल्क चॅनेलात पॅकेटचा आशय कुलूपबंद असतो, पण ॲडॉप्टेशन फील्ड उघडेच असते. त्यामुळे किल्ली हाती नसतानाही आय-फ्रेम कुठे सुरू होते ते बॉक्सला दिसते. त्याने तिथपासूनची कुलूपबंद पॅकेटे स्मृतीत साठवावीत आणि किल्ली मिळताच ती उघडून डीकोडरला द्यावीत. सरधोपट बॉक्स आधी किल्लीची वाट पाहतो आणि ती मिळाल्यावर पुढच्या आय-फ्रेमची. किल्ली यायच्या जरा आधी आय-फ्रेम निघून गेली असेल तर त्याला एक पूर्ण जीओपी वाया घालवावी लागते. साठवण केल्यास दोन्ही प्रतीक्षा एकाच वेळी चालतात आणि एकूण काळ त्यांतल्या मोठीइतकाच उरतो.

किल्ली

किल्लीचे संदेश, म्हणजे ईसीएम, तक्त्यांप्रमाणेच १०० मिलिसेकंदांच्या आसपास पुन्हा पुन्हा पाठवावेत. स्मार्टकार्डला तो संदेश सोडवायला लागणारा वेळ बॉक्सला कमी करता येत नाही, म्हणून ते काम जितके लवकर सुरू होईल तितके बरे : साठवलेल्या पीएमटीवरून ईसीएमचा पीआयडी घ्यावा आणि पहिला संदेश दिसताच कार्डाकडे द्यावा. एकाच पॅकेजमधल्या, एकाच मल्टिप्लेक्सवरच्या चॅनेलांना सामाईक किल्ली वापरली तर त्यांच्यात फिरताना नवी किल्लीच लागत नाही. मात्र चॅनेल सुट्टे विकायचे असतील तर हा मार्ग बंद होतो.

बफर आणि पहिले चित्र

आय-फ्रेम मिळाली तरी ती लगेच दाखवायची नसते. मोठ्या आणि लहान फ्रेमांचा चढउतार पचवण्यासाठी एन्कोडर चित्राची माहिती त्याच्या दाखवण्याच्या वेळेपेक्षा आधी पाठवतो, आणि पीसीआरच्या, म्हणजे प्रवाहातूनच येणाऱ्या, घड्याळात ती वेळ येईपर्यंत डीकोडर थांबतो. एच.२६४ च्या प्रवाहांत हे अंतर एका सेकंदाच्या पुढेही जाते. प्रसारकाने एन्कोडरच्या बफरची कमाल मर्यादा तपासावी. पुष्कळदा ती कोणी विचारपूर्वक ठरवलेली नसते, मूळ सेटिंगच चालत आलेले असते.

बॉक्सने मात्र ठरलेल्या क्षणाची वाट पाहत पडदा काळा ठेवू नये. पहिली आय-फ्रेम उलगडताच स्थिर चित्र म्हणून दाखवावी आणि घड्याळ जुळले की गती द्यावी. ध्वनीचा बफर चित्राच्या मानाने फारच लहान असल्याने आता येणारा ध्वनी जवळजवळ आत्ताच ऐकवायचा असतो. स्थिर चित्राखाली तो सुरू करता येतो, आणि आपण कोणत्या चॅनेलवर आलो हे प्रेक्षकाला त्यावरून कळते. स्थिर चित्राऐवजी मंद गतीने सुरुवात करण्याचीही पद्धत आहे. एक सेकंद आधी सुरू करून नव्वद टक्के वेगाने चालवले तर दहा सेकंदांत प्रवाह मूळ घड्याळाला येऊन मिळतो. परंतु त्यात ध्वनीचा वेगही सांभाळावा लागतो आणि सुरुवातीलाच माहिती कमी पडण्याचा धोका असतो. मी स्थिर चित्रालाच प्राधान्य देईन.

आयपी जाळ्यावरचे प्रसारण

मल्टिकास्टवर (एकच प्रवाह अनेकांना पाठवण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या आयपीटीव्हीत ट्यूनरची जागा आयजीएमपी, म्हणजे चॅनेलचा प्रवाह मागण्या-सोडण्याच्या संदेशांची पद्धत, घेते. जुना चॅनेल सोडल्याचा संदेश मिळाल्यावर राउटर अजून कोणी पाहत आहे का हे विचारतो. आयजीएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीतील मूळ मूल्यांनुसार, एक सेकंदाच्या अंतराने दोनदा विचारून झाल्यावरच प्रवाह थांबतो. तोवर ग्राहकाच्या तारेवर जुना व नवा दोन्ही चॅनेल वाहतात आणि तार अरुंद असेल तर नव्याची पॅकेटे गळतात. घरातल्या बॉक्सची नोंद जवळच्या उपकरणात ठेवून तत्काळ सोडण्याची सोय चालू करावी.

आय-फ्रेमच्या प्रतीक्षेवर येथे एक खास उपाय आहे, आणि २०११ च्या आरएफसी ६२८५ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात त्याची पद्धत प्रमाणित झाली आहे. जवळचा सर्व्हर प्रत्येक चॅनेलची शेवटची काही सेकंदे जवळ ठेवतो. बॉक्सने मागताच सर्वांत अलीकडच्या आय-फ्रेमपासूनचा भाग थेट युनिकास्टने (एकट्या त्या बॉक्सला), नेहमीपेक्षा जास्त वेगाने पाठवतो, आणि बॉक्स मूळ प्रवाहाच्या बरोबरीला आला की त्याला मल्टिकास्टकडे सोपवतो. एक सेकंदाचे अंतर १.३ पट वेगाने भरायला सुमारे ३.३ सेकंद लागतात, म्हणून तेवढा काळ तारेत तीस टक्के मोकळी जागा हवी. लोकप्रिय सामन्याच्या विश्रांतीत हजारो प्रेक्षक एकदम चॅनेल बदलतात. सर्व्हरची क्षमता सरासरीवर न ठरवता त्या क्षणावर ठरवावी, आणि सर्व्हर व्यस्त असेल तर बॉक्सने मुकाट्याने साध्या मल्टिकास्टवर जावे.

इंटरनेटवरच्या थेट प्रवाहात हीच तत्त्वे वेगळ्या रूपात येतात. तिथे चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांनी उतरवले जाते. सहा सेकंदांचा, ३ मेगाबिट दर्जाचा पहिला तुकडा १८ मेगाबिटचा असतो आणि ६ मेगाबिटच्या जोडणीवर तो पूर्ण उतरायला तीन सेकंद लागतात. दोन सेकंदांचा, १ मेगाबिटचा तुकडा तिथेच एक तृतीयांश सेकंदात येतो. म्हणून तुकडे आखूड ठेवावेत, प्रत्येकाची सुरुवात आय-फ्रेमने करावी, खालच्या दर्जाने आरंभ करून लगेच वर चढावे, आणि यादी, परवाना व जोडणी ही कामे प्रेक्षकाने चित्रावर बोट ठेवण्यापूर्वीच उरकावीत. टीएलएस १.३ या सुरक्षा-नियमावलीमुळे सुरक्षित जोडणीची एक फेरी वाचते. दूरच्या सर्व्हरच्या बाबतीत हा फरक जाणवण्याइतका असतो.

बदल लावताना

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येकानंतर पुन्हा मोजावे. आधी अंक व एचडीएमआय, मग तक्ते, नंतर किल्ली आणि आय-फ्रेमची प्रतीक्षा समांतर करणे, त्यानंतर स्थिर चित्र, आणि सर्वांत शेवटी जीओपी, असा क्रम मी सुचवेन. कारण आधीचे उपाय चित्राच्या दर्जाला धक्का लावत नाहीत आणि जीओपी लावते. जीओपी बदलल्यावर वेगवान खेळ आणि गर्दीच्या दृश्यांचे चित्र डोळ्यांनी पाहून तपासावे.

सर्वांत काळजीपूर्वक तपासायचा भाग म्हणजे साठवलेली माहिती. प्रसारकाने पीआयडी बदलले, एखादा जुना पीआयडी दुसऱ्या चॅनेलला दिला, ध्वनीचा कोडेक बदलला किंवा चॅनेल दुसऱ्या मल्टिप्लेक्सवर नेला, अशा प्रत्येक प्रसंगी बॉक्सने जुन्या माहितीवर सुरुवात करून एका पीएमटीच्या आत स्वतःला सावरले पाहिजे, आणि भलत्या चॅनेलची एकही फ्रेम पडद्यावर येता कामा नये. त्यासाठी आवृत्ती क्रमांक ताडून होईपर्यंत चित्र उलगडावे पण दाखवू नये. तक्ते १०० मिलिसेकंदांवर असतील तर ही ताडणी बहुधा आय-फ्रेम येण्यापूर्वीच पूर्ण झालेली असते आणि प्रतीक्षेत काही भर पडत नाही. या चारही प्रसंगांचे टीएस प्रवाह तयार करून ठेवावेत आणि बॉक्सची प्रत्येक नवी सॉफ्टवेअर आवृत्ती वितरित करण्यापूर्वी तिच्यावर ते चालवून पाहावेत.